फिरलेला बूथ परत कसा येतो: नागपूर ग्रामीणच्या सहा जागांवरून

नागपूर जिल्ह्यात विधानसभेच्या 12 जागा आहेत. सहा शहरात आणि सहा ग्रामीण: काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक. या ग्रामीण सहा मिळून रामटेक लोकसभा मतदारसंघ होतो. 19 एप्रिल 2024 ला तिथे लोकसभेचं मतदान झालं आणि काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे 76 हजारांवर मतांनी निवडून आले. 20 नोव्हेंबरला हीच गावं पुन्हा मतदानाला उभी राहिली. या वेळी सहापैकी चार जागा भाजपने घेतल्या, रामटेक शिंदेंच्या शिवसेनेकडे गेलं आणि काँग्रेसकडे एकटं उमरेड उरलं. मधे गेले होते सात महिने.

काटोलचा इतिहास अजून बोलका आहे. 2014 ला भाजप, 2019 ला राष्ट्रवादी, 2024 ला परत भाजप.

एवढ्या माणसांची विचारधारा सात महिन्यांत बदलत नसते. प्रत्येक गावात काही घरं एका पक्षाशी बांधलेली असतात. त्यांच्या दारावरचा झेंडाही वर्षानुवर्षं तोच असतो. निकाल ठरवतात ती उरलेली घरं. कार्यकर्ते त्यांना कुंपणावरचे म्हणतात. हा शब्द अन्यायकारक आहे, कारण त्यात ही माणसं चंचल असल्याचं सुचवलं जातं. प्रत्यक्षात ती सगळ्यात जास्त हिशोब ठेवणारी असतात. कोणी काय कबूल केलं, काय झालं आणि अडलं तेव्हा कोण आलं, हे त्यांच्या लक्षात असतं. पुढे लिहिलेलं कोणत्याही पक्षाला लागू पडतं, कारण एप्रिलमध्ये हरलेला आणि नोव्हेंबरमध्ये हरलेला पक्ष वेगवेगळा असला तरी दोघांच्या चुका बऱ्याच सारख्या आहेत.

आधी फॉर्म 20

हरल्यानंतर चिंतन बैठक होते. तिथे जातीचं गणित, पैसा, बंडखोर, मित्रपक्षाने काम केलं नाही, असे सगळे विषय निघतात. एक कागद मात्र क्वचितच कोणी पुढे ठेवतं. तो म्हणजे फॉर्म 20, मतमोजणीचा बूथनिहाय अंतिम तक्ता. कोणत्या मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मतं पडली, हे त्यात असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो कोणालाही मिळतो. लोकसभेचा फॉर्म 20 सुद्धा विधानसभा क्षेत्रानुसार वेगळा केलेला असतो, त्यामुळे दोन निवडणुकांची तुलना करता येते.

हे तक्ते बरेचदा स्कॅन केलेले असतात, म्हणून हाताने भरावे लागतात. एका ग्रामीण मतदारसंघात तीनशेच्या वर बूथ असतात. दोन माणसं नीट बसली तर आठवड्यात काम होतं. रकाने एवढेच ठेवा: गाव, शाळेचं नाव, एकूण मतदार, पडलेली मतं, आपली मतं, मुख्य विरोधकाची मतं, इतर. 'इतर' हा रकाना वगळू नका. रामटेकच्या पट्ट्यात बसप, वंचित आणि अपक्ष यांची मतं अनेक बूथवर हारजितीपेक्षा मोठी निघतात. आपलं मत विरोधकाकडे गेलं असं समजून आपण रागावतो आणि ते गेलेलं असतं तिसरीकडे.

इथे हमखास चूक होते ती बूथ क्रमांक जुळवताना. दोन निवडणुकांच्या मधे मतदान केंद्रांची फेररचना होते आणि 112 नंबरचा बूथ 115 होतो. म्हणून क्रमांकाऐवजी गाव आणि शाळेच्या नावावरून जुळवा. गावात दोन बूथ असतील तर बेरीज करा. एखादा छोटा टोला (वस्ती) शेजारच्या गावाच्या बूथला जोडलेला असेल तर तसं शेजारी लिहून ठेवा. नाहीतर टोल्याची नाराजी गावाच्या आकड्यात बुडून जाते.

आता एक बूथ घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. मतदार 1,000 आणि दोन्ही वेळा मतदान 680. मागच्या वेळी आपल्याला 360, विरोधकाला 290. म्हणजे 70 चा लीड. या वेळी आपल्याला 300, विरोधकाला 350. म्हणजे 50 ने मायनस. कार्यकर्ता सांगतो, 'भाऊ, 120 मतं गेली.' गेली आहेत 60. पण इकडून तिकडे गेलेलं मत दोनदा मोजलं जातं, आपल्यातून वजा आणि त्यांच्यात जमा. याचा उलटा अर्थ कामाचा आहे. त्या 60 पैकी 26 जण परत आले तर आपण 326 आणि विरोधक 324. तोच बूथ घरी बसलेल्यांना बाहेर काढून जिंकायचा म्हटला तर 51 नवी मतं लागतील. 26 माणसं म्हणजे आठ-दहा घरं. एवढी घरं एक माणूस नावानिशी ओळखू शकतो.

सगळे मायनस बूथ मात्र एका कारणाने मायनस झालेले नसतात. तक्ता भरल्यावर तीन चित्रं दिसतात. आपली मतं घटली आणि विरोधकाची जवळपास तेवढीच वाढली, तर मत फिरलं. आपली घटली, विरोधकाची तिथल्या तिथे राहिली आणि एकूण मतदानही उतरलं, तर आपला माणूस घरी बसला. आपली तेवढीच राहिली पण मतदान वाढून विरोधक पुढे गेला, तर नवा मतदार तिकडे गेला. घरी बसलेल्याला आपल्यावरचा राग सांगायचा असतो, त्याच्याकडे जाऊन ऐकून घ्यावं लागतं. नवा मतदार आपल्याला ओळखतच नाही. फिरलेला ओळखतो आणि त्याच्याकडे फिरण्याचं कारण तयार असतं. तिघांकडे एकच पत्रक नेलं तर तिघंही वाचत नाहीत.

आकड्याची मर्यादाही ध्यानात असू द्या. बूथ सांगतो तो बेरजेचा हिशोब. कोणत्या घराने काय केलं ते तो सांगत नाही. ते अंदाजाने ठरवून एखाद्या मोहल्ल्यावर शिक्का मारला की पुढचं सगळं चुकत जातं.

गावात काय विचारायचं

फिरलेल्या बूथवर बारा ते पंधरा घरं पुरतात, फक्त ती नीट निवडा. सरपंचाच्या ओसरीवर दहा जणांना बसवून केलेली चर्चा धरू नका. तिथे जो बोलतो त्याचं मत सगळ्यांना आधीच माहीत असतं. दोन एकरवाला, दहा एकरवाला, शेत नसलेला मजूर, बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत रोज जाणारा पोरगा, बचत गटाची अध्यक्ष, नवीन लग्न होऊन आलेली सून, असे धरा. गळ्यात दुपट्टा नको, सोबत पाच माणसं नकोत. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळपासून वावरात असतात, तेव्हा सातनंतर जा.

'मत कोणाला दिलं' हे विचारू नका. लोक खोटं सांगतात, आणि त्यांना तसं करायला आपणच भाग पाडतो. विचारायचं असं: गेल्या वर्षभरात कोणतं काम अडलं? कोणाकडे गेलात? कोणी केलं? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जे नाव येतं, तोच त्या घराचा खरा राजकीय माणूस. तो पदाधिकारी असेलच असं नाही. कधी तो ऑनलाइन सेंटर चालवणारा असतो, कधी कृषी केंद्रवाला. त्याचं नाव लिहून घ्या.

मत कुठे हलतं: सोयाबीनचं पोतं

नोव्हेंबर 2024 मधला सोयाबीनवाला शेतकरी डोळ्यासमोर आणा. त्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये (2025-26 साठी तो 5,328 झाला). तो हातात पडायला त्याला काय काय पार करावं लागतं ते बघा.

ऑगस्ट-सप्टेंबरात मोबाइलवर ई-पीक पाहणी, म्हणजे वावरातल्या पिकाची नोंद, झालेली हवी, तरच सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद दिसते. ती नसेल तर खरेदी केंद्रावर नोंदणी अडते. मग आधार, पासबुक, सातबारा घेऊन नोंदणी. मग एसएमएसची वाट. एसएमएस आला की गाडी भाड्याने घेऊन माल केंद्रावर. तिथे ओलावा मोजतात आणि तो 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत, भाडं अंगावर. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन 12 ला बसत नाही. त्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली खरी, पण तोवर मतदान तोंडावर आलेलं होतं. ओलावा बसला तरी बारदाना (रिकामी पोती) संपलेला असू शकतो. काटा झाल्यावर चुकारा (मालाचे पैसे) कधी येईल ते केंद्रावर कोणी सांगत नाही. इकडे हरभऱ्याचं बियाणं, खत, मजुरी उभी आहे. मग तो नागपूरच्या कळमना बाजारात किंवा गावात आलेल्या व्यापाऱ्याला रोखीने विकून मोकळा होतो.

क्विंटलमागे 600 रुपये कमी पडले आणि माल 20 क्विंटल असला तर तोटा 12,000. म्हणजे लाडक्या बहिणीचे आठ हप्ते. हा हिशोब घरात नवरा-बायको दोघंही करतात.

पक्षाच्या भाषणात यातलं काय येतं? 'हमीभाव वाढलाच पाहिजे.' आणि शेतकरी मनात म्हणतो, जो आहे तोच भेटला नाही, वाढवून काय करता. सत्ताधारी पक्षाची चूक उलट बाजूने होते. ते वाढलेल्या हमीभावाचा फलक लावतात. केंद्रावरून परत आलेल्या माणसाला तो फलक टोचतो.

इथे करता येण्यासारखं काम ठरलेलं आहे आणि ते ऑगस्टमध्ये आहे. खरिपाची पाहणी साधारण 1 ऑगस्टला सुरू होते आणि शेतकऱ्याने स्वतः करायची मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, कधी ती वाढते. फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो. रेंज नसते, म्हाताऱ्या खातेदाराकडे स्मार्टफोन नसतो. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून प्रत्येक गावात असा एक पोरगा नेमा आणि त्याच्या हातात सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकांची यादी द्या. चुकीचा गट निवडणं ही पहिली चूक. दुसरी जास्त महाग पडते: सोयाबीनमध्ये तूर असताना एकाच पिकाची नोंद केली, की दुसऱ्या पिकाला विकायच्या वेळी कागद उरत नाही. ऑक्टोबरात दहा-बारा गावांत मिळून एक ओलावा मापक फिरवा. माल गाडीत भरायच्या आधी घरीच कळलं की अजून दोन उन्हं द्यायची आहेत, तर भाड्याचे पैसे वाचतात. यात कोणालाही पैसे किंवा वस्तू द्यावी लागत नाही आणि गावाला ते वर्षभर आठवतं.

अशीच अडलेली कामं तालुक्यानुसार बदलतात. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात फळगळ आणि बांगलादेशचं आयात शुल्क. रामटेक-मौदा-पारशिवनीत धानाची खरेदी आणि बोनस. पेंचच्या कडेला रानडुक्कर आणि वाघ. कुही-भिवापुरात गोसेखुर्द धरणग्रस्तांचं पुनर्वसन; त्या धरणाचं भूमिपूजन 1988 मध्ये झालं. नागपुरात बसून छापलेलं एक पत्रक या चारही ठिकाणी चालवणं म्हणजे तिघांना परक्याचं पत्र पोचवणं.

अतिवृष्टीच्या मदतीचं तर वेगळंच. पैसे मंजूर होतात, यादीत नाव येतं आणि रक्कम खात्यात पडत नाही. कारण केवायसी बाकी असते, आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असतं किंवा सातबारा सामायिक असून भावांची संमती नसते. तलाठ्याकडची यादी घेऊन या तीन कारणांनी अडलेली नावं वेगळी काढली, तर प्रत्येक गावात पाच-दहा घरं निघतात. त्यांचं काम एका आठवड्यात होऊ शकतं.

गाव म्हणजे नुसता शेतकरी नाही

पक्षांचं इथे सगळ्यात जास्त चुकतं. ग्रामीण म्हटलं की भाषण कापूस-सोयाबीनवर सुरू होतं आणि तिथेच संपतं. शेत नसलेलं घर शांत बसून ऐकतं. त्याला हवी असते वेचणीची मजुरी, रोहयोचं काम (2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये) आणि घरकुलाचा पुढचा हप्ता. घरकुलाचं पाहा. पाया झाला, भिंती चढल्या, पण रेती नाही म्हणून स्लॅब अडला. स्लॅब नाही म्हणून हप्ता अडला. घरकुलवाल्याला पाच ब्रास रेती मोफत द्यायचं सरकारी धोरण आहे, पण परवाना, घाट आणि ट्रॅक्टरचं भाडं यांत ते अडकतं. पंचायत समितीतून अपूर्ण घरकुलांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे नेमकं कुठे अडलं ते लिहा. अशा यादीवर तहसीलदारांशी बोलणं सोपं जातं.

लाडकी बहीण योजनेचं महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. जून 2024 मध्ये घोषणा झाली, ऑगस्टपासून पैसे येऊ लागले आणि मतदानाआधी जुलै ते नोव्हेंबरचे पाच हप्ते, म्हणजे 7,500 रुपये, बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा झाले. महायुतीने पुढे 2,100 देऊ म्हटलं, आघाडीने 3,000. खात्यात आलेल्या 1,500 वर जेवढा विश्वास बसला तेवढा कबुलीवर बसला नाही. निकालाला हे एकच कारण होतं असं कोणी म्हणू नये, पण ज्यांनी योजनेची टिंगल केली त्यांनी त्या बाईचीच टिंगल केली आणि तिने ती ऐकली. पुढे निवडणुकीनंतर वर्षभरही रक्कम 1,500 च राहिली आणि ई-केवायसीत नावं अडकू लागली. आता हिशोब सत्ताधाऱ्यांनाच द्यायचा आहे. विरोधकाने तिथे जाऊन भाषण देऊ नये. बचत गटाच्या मासिक बैठकीला परवानगी घेऊन जावं, कोणाचं नाव का अडलं ते पाहावं. आशा आणि अंगणवाडी ताईंना यात ओढू नका. त्यांचं मानधन आणि नोकरी पणाला लागते.

कर्जमाफीच्या घोषणेतही हीच मेख आहे. 2017 च्या योजनेची मर्यादा दीड लाख होती, 2019 च्या योजनेची दोन लाख, आणि ती 30 सप्टेंबर 2019 च्या थकबाकीवर ठरली. दोन्ही वेळा दागिने गहाण ठेवून वेळेवर भरणाऱ्याला वाटलं की प्रामाणिकपणा महागात पडला. 2019 च्या योजनेतलं 50,000 रुपयांचं प्रोत्साहन अनुदान 2022 मध्ये वाटायला सुरुवात झाली, तोवर राग घट्ट बसला होता. घोषणा करताना तारीख, मर्यादा आणि कोण बाहेर राहणार हे आधी छापलं, तर टाळ्या कमी पडतील. पण नंतर गावात तोंड दाखवता येईल.

काय बिघडतं

मायनस बूथला शिक्षा देणं ही सगळ्यात वाईट सवय. फॉर्म 20 मुळे गावाचा कल उघड होतो आणि निवडून आलेला माणूस तिथला पांदण रस्ता, तिथला बोअर थांबवतो. 350 जणांनी विरोधात मत दिलं म्हणून 300 आपल्या मतदारांचाही रस्ता बंद. पुढच्या वेळी तेही जातात आणि मग परत येत नाहीत.

दुसरं, ग्रामपंचायतीच्या निकालावर विसंबणं. ती निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. निकालाच्या संध्याकाळी दोन्ही पक्ष त्याच सरपंचाला आपला म्हणतात. जिल्हा परिषदेच्या सर्कलचा (मतदार गटाचा) निकाल हे जास्त भरवशाचं मोजमाप आहे.

तिसरं, डिसेंबर. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं आणि जिल्ह्यातला प्रत्येक पुढारी विधानभवनाच्या आसपास आणि मोर्चात दिसतो. नेमक्या त्याच दिवसांत खरेदी केंद्रावर रांग असते, वेचणी चालू असते, रात्रीच्या विजेवर गहू-हरभऱ्याला पाणी सुरू असतं. पुढारी टीव्हीवर दिसतो, वावरात नाही. सहा जणांच्या टीममधले दोन जण अधिवेशनात आणि चार गावात, एवढी वाटणी तरी करा.

बंडखोरी आणि मित्रपक्षाची मतं हा वेगळा विषय आहे. एवढंच सांगायला हवं की 2024 ला रामटेकमध्ये आघाडीचा अधिकृत उमेदवार ठाकरेंच्या शिवसेनेचा होता आणि काँग्रेसचे राजेंद्र मुळक अपक्ष उभे राहिले. अशा वेळी गावातल्या कार्यकर्त्याला काय सांगायचं हे वरून ठरलेलं नसेल, तर खालचं सगळं काम वाया जातं.

यादी

मत परत आलं आणि यादीत नावच नाही, असं मतदानाच्या दिवशी दरवेळी होतं. 'माझं नाव काऊन नाही?' या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर नसतं. नवीन नावासाठी फॉर्म 6, नाव वगळण्यासाठी फॉर्म 7, दुरुस्ती आणि पत्ता बदलासाठी फॉर्म 8. वर्षात चार पात्रता तारखा असतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. प्रत्येक बूथवर पक्षाला आपला बूथ लेव्हल एजंट अधिकृतपणे नेमता येतो. तो नेमा आणि बीएलओसोबत (बूथच्या सरकारी अधिकाऱ्यासोबत) यादीचं गावात वाचन करा. लग्न होऊन आलेल्या सुना आणि 18 पूर्ण झालेली पोरं यांची नावं इथेच राहून जातात. नागपूर-पुण्याला गेलेल्यांचे फोन नंबर घरच्यांकडून घ्या. आधार आणि पासबुकच्या झेरॉक्स गोळा करत बसू नका. त्यांचा तुम्हाला उपयोग नाही आणि घरच्यांना धास्ती वाटते.

आजारी म्हाताऱ्याला मतदानाला न्यायला पक्षाने गाडी लावणं कायद्याने भ्रष्ट आचरण ठरतं, हे कार्यकर्त्यांना आधीच समजावून सांगा. 2024 ला 85 वर्षांवरच्या आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांग असलेल्या मतदारांसाठी घरून मतदानाची सोय होती. त्यासाठी फॉर्म 12 डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत भरावा लागतो. ही मुदत कळेपर्यंत निघून जाते, म्हणून नावं आधीच काढून ठेवा.

निकाल लागल्यावर पंधरा दिवसांच्या आत त्या बारा-पंधरा घरांत पुन्हा जा, जिंकलात तरी आणि हरलात तरी. त्या घरांची एक वही ठेवा आणि प्रत्येक नावापुढे काम, कोणत्या कार्यालयात अडलं आणि पुढची तारीख, असे तीन रकाने करा. ज्यांचं झालं त्यांच्यावर खूण करा. ज्यांचं नाही झालं त्यांना नवी तारीख द्या आणि त्या दिवशी फोन करा.